हरिहरच्या पायऱ्या चढता येतील का, यापेक्षा उतरणार कशा ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातले सहा जण, ऑगस्टमधल्या एका रविवारी डोंबिवलीहून नाशिककडच्या हरिहर गडावर जाऊन त्याच दिवशी परत यायचंय. दोघांनी राजगड आणि कळसूबाई केलेत, तिघांचा हा पहिलाच ट्रेक, आणि एका मैत्रिणीला उंचीची भीती वाटते पण तिला यायचंय. विचारलंय की रोप न्यावा का, शूज कुठले घ्यावेत, आणि व्हिडिओत दिसतात त्या उभ्या पायऱ्या नवख्या माणसाला चढता येतील का.

मी नाशिक-इगतपुरी भागात बरीच वर्षं भटकतोय, नवख्या लोकांचे ग्रुपही घेऊन जातो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो: हो, चढता येतील. धडधाकट माणूस, कोरडा दिवस आणि समोर रांग नसेल तर त्या पायऱ्या चढायला तांत्रिक कौशल्य लागत नाही. पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीये. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या तयारीची सहा माणसं आहेत, एका वेळी एकच माणूस नीट जाऊ शकेल अशी वाट आहे, वर्षातला सगळ्यात गर्दीचा आणि ओला काळ निवडलाय, आणि "इथून मागे फिरायचं" हे कोण म्हणणार ते ठरलेलं नाही, निदान तुमच्या पोस्टमध्ये तरी दिसलं नाही. रोप आणि शूज याच्या नंतर येतात.

आता यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे हे आधीच सांगतो. पाऊस किती, तुमच्या मैत्रिणीची भीती कुठल्या प्रकारची, त्या दिवशी गर्दी किती, वनखात्याचे काय नियम चालू आहेत (गर्दीमुळे तिथे वेळोवेळी निर्बंध आलेत, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी कराच). घरी बसून मी "जा" किंवा "जाऊ नका" असं ठामपणे सांगू शकत नाही, पण कशावरून ठरवायचं ते सांगू शकतो.

आधी गडाची रचना समजून घ्या, कारण व्हिडिओत फक्त तो एक पायऱ्यांचा टप्पा दिसतो. हरिहर म्हणजेच हर्षगड, त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला, उंची साधारण ११२० मीटर. दोन बाजूंनी वाट आहे. निरगुडपाड्याकडून वाट लांब, आधी झाडीतून, मग उघड्या सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरून) चढत जाते. हर्षेवाडीकडून चढ बराच कमी आणि वेळही कमी लागतो. दोन्ही वाटा कातळाच्या खाली पठारासारख्या जागेवर येतात आणि तिथून समोर ती पायऱ्यांची पट्टी दिसते. मुंबईकडचे लोक सवयीने निरगुडपाड्याला उतरतात कारण खोडाळ्यामार्गे तो रस्ता सोयीचा पडतो, पण ग्रुपमध्ये तीन नवखे असतील तर मी थोडं फिरून हर्षेवाडीला गेलो असतो. कारण साधं आहे, मांड्या ताज्या असताना पायऱ्या गाठता येतात. नवख्यांची अर्धी ताकद सोंडेवरच संपते आणि मग अवघड भाग दमलेल्या पायांनी करावा लागतो.

पायऱ्या म्हणजे अखंड कातळात खोदलेल्या, साधारण मीटरभर रुंदीच्या, उभ्या चढाच्या. संख्या ११७ सांगतात, मी कधी मोजत बसलो नाही. प्रत्येक पायरीला दोन्ही कडेला बोटं अडकवायला खोबण्या आहेत आणि त्या खरंच हाताला बरोबर येतात, ज्याने कोरल्या त्याला माणसाचा हात कुठे पोचतो ते पक्कं माहीत होतं. वर महादरवाजा. लोकांना वाटतं दरवाजा आला की संपलं, पण त्यानंतर डोक्यावर कातळ आलेल्या कपारीतून आडवं जायचं असतं, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथे वाकून चालावं लागतं आणि पाठीवरची सॅक वरच्या कातळाला घासते, मोठी सॅक असेल तर ती अडकून माणसाला बाहेरच्या बाजूला ढकलते. म्हणून सॅक छोटी आणि चापून बांधलेली, बाहेर लटकणारी बाटली-चटई काही नको. कपार संपली की परत पायऱ्या, ह्या अरुंद आणि वळणाच्या, आणि मग माथा. वर मारुती आणि महादेव, तळं, दोन खोल्यांचं कोठार, आणि शेवटची छोटी टेकडी. पाऊस उघडला असेल तर वैतरणेचं पाणी, ब्रह्मगिरी, बाजूचा भास्करगड सगळं दिसतं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबक परिसरातले गड घेतले तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज इथे आला होता. ह्या वाटेच्या उभेपणाची तुलना शिडीशीच होऊ शकते असं त्याने लिहून ठेवलंय. बाकी कितीतरी गडांच्या वाटा त्यांनी सुरुंग लावून उडवल्या, इथल्या पायऱ्या मात्र राहिल्या, त्या आवडल्या म्हणून राहिल्या असं सांगतात. हे सांगायचं कारण इतिहास नाही. ही वाट मुळात अशी बांधलीय की वर येणारा एकेकटाच यावा, त्याचे दोन्ही हात गुंतलेले असावेत आणि वरच्या माणसाला तो सहज अडवता यावा. गडाच्या संरक्षणासाठी हे उत्तम. आता त्याच वाटेवर रविवारी सकाळी दहा वाजता शेकडो माणसं वर जातायत आणि तेवढीच खाली येतायत अशी कल्पना करा. अडथळा होणारच, तो त्या रचनेतच आहे, त्यात शिट्टी मारून किंवा आरडाओरडा करून काही फरक पडत नाही.

आता मुद्दा उतरण्याचा. चढताना डोळ्यासमोर दगड असतो, हात वरच्या खोबणीत, पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. उतरताना हे सगळं उलटं होतं. तोंड दरीकडे केलं तर पूर्ण खोली दिसते आणि टाच पायरीवर पुरती बसत नाही. तोंड कातळाकडे केलं तर खालची पायरी दिसत नाही, पायाने चाचपडावी लागते. त्यात मांड्यांचे स्नायू उतरताना ताणून धरून काम करतात, ती सवय शहरातल्या पायांना नसते, म्हणून जिमला जाणारा गडी मजेत चढतो आणि परत येताना त्याचे पाय थरथरायला लागतात. ह्याला घाबरणं समजू नका, शरीर आहे ते. पण थरथरणाऱ्या पायावर उभं राहिलं की भीतीही येते, आणि मग माणूस बसून उतरायला लागतो. बसून उतरणं सगळ्यात वाईट, कारण वजन पायांवरून निघून पाठीमागे जातं, पँट ओल्या दगडावर घसरते, आणि हात खोबणीत राहत नाहीत.

उतरायची पद्धत एकच: तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं. दोन हात दोन पाय यातले तीन कायम दगडावर, एका वेळी एकच हलवायचा. शरीर कातळाला चिकटवायचं नाही, चिकटलं की पाय दिसत नाहीत आणि बुटावरचं वजनही कमी होतं. हात थोडे सैल, पोट कातळापासून थोडं लांब, बघायचं तर दोन पायांच्या मधून. पाय पायरीच्या कडेला ठेवायचा नाही, आत सरकवून ठेवायचा. पायऱ्यांचा मधला भाग पायांनी झिजून गुळगुळीत झालाय तिथे थोडं बाजूला खोबणीजवळ ठेवला तर पकड चांगली मिळते. घरी एकदा खरी शिडी लावून सहाही जणांनी उतरून बघा, हसायला येईल, पण ज्याला तिथे जमलं त्याला गडावर सांगत बसावं लागत नाही. मोबाईल खिशात, चेन लावून. ट्रेकिंग पोल असेल तर पायऱ्या सुरू व्हायच्या आधी मिटवून सॅकच्या आत टाका, बाहेर अडकवलेला पोल मागच्याच्या डोळ्यात जातो.

अंतराबद्दल. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे बूट येतील इतकं जवळ जाऊ नका, चारपाच पायऱ्या मध्ये सोडा. वरून खडा निसटला तर "दगड!" एवढंच मोठ्याने ओरडायचं, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, डोकं कातळाला लावून सॅक वर घ्यायची. एक गैरसमज मी बऱ्याच ग्रुपमध्ये बघतो, की अनुभवी माणूस खाली ठेवला म्हणजे कोणी घसरलं तर तो धरेल. अशा चढावर कोणी कोणाला धरू शकत नाही, धरायला गेलात तर दोघे जाल. खालच्या माणसाचं काम पाय सांगायचं असतं: "डावा पाय खाली, अजून चार बोटं, हां, आत सरकव, टेकला." त्याच्या आवाजाने अर्धं काम होतं.

आता तुमची मैत्रीण. इथे मी तुम्हाला विनंती करेन की तिच्याशी एकटीशी बोला, सगळ्यांसमोर नको. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस "नाही नाही, जमेल मला" म्हणतो, आणि ते खरं आहे की नाही हे पायऱ्यांच्या मध्यावर कळतं. विचारायचं असं: रेल्वेच्या पुलाच्या जाळीतून खाली बघवतं का, उंच गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहवतं का, तेव्हा काय होतं, पोटात गोळा येतो की गरगरतं? पोटात गोळा येणं बहुतेकांना होतं, त्यावर सराव, सोबत आणि वेळ दिला की काम होतं. खरोखर गरगरत असेल, तोल जातो असं वाटत असेल, किंवा पूर्वी कुठे अंग गोठून जागीच अडकली असेल, तर हरिहर तिच्यासाठी पहिला गड नव्हे, आणि आधी डॉक्टरांशी बोललेलं बरं. पहिल्या प्रकारातली असेल तर तिला चढताना तुमच्या पहिल्या अनुभवी माणसाच्या लगेच मागे ठेवा आणि दुसरा अनुभवी तिच्या मागे. उतरताना एक अनुभवी आधी उतरेल, मग ती, मग बाकीचे, आणि दुसरा अनुभवी सगळ्यात शेवटी. तिने नजर पुढच्या दोनतीन पायऱ्यांवर ठेवायची. हात ओढून वर न्यायचं नाही, "काही होत नाही गं" म्हणायचं नाही, आणि तिचा व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही, ह्यावरून मैत्री तुटलेली बघितलीय.

आणि तिला हे आधीच सांगा की पायऱ्यांच्या खाली थांबणं हा एक ठरलेला पर्याय आहे. ती थांबली तर तिच्यासोबत दुसरं कोणीतरी थांबेल, एकटीला सोडायचं नाही. कोण थांबणार ते घरीच ठरवा. असं ठरलेलं असलं की गंमत म्हणजे बऱ्याचदा माणूस वर येतो, कारण मागे जायची वाट मोकळी असते.

ऑगस्टचा रविवार. खरं सांगू का, ह्यावर माझं मत बदलत नाही, तीन नवख्यांना घेऊन मी ऑगस्टच्या रविवारी हरिहर करणार नाही. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, काळ्या दगडावर शेवाळ धरतं, धुक्यात दरी दिसत नाही म्हणून भीती कमी वाटते आणि लोक जास्त बिनधास्त होतात. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट कोरडा असताना बुटाला इतका छान धरतो की विचारू नका, आणि तोच ओला, शेवाळलेला असला की साबण लावल्यासारखा. त्यात गर्दी. पाय नीट ठेवून सावकाश उतरायला जी दहा सेकंदं लागतात ती मागचे लोक देत नाहीत, "चला चला" सुरू होतं. पावसात रांगेत पायरीवरच अर्धा तास उभं राहावं लागलं तर अंग गार पडतं, बोटं बधिर होतात, आणि त्याच बोटांनी खोबणी धरायची असते. हिरवळ बघायचीच असेल तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात धरा, रजा टाकून मधल्या वारी जा. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग जमून विजा होतात, तेव्हा दुपारी माथ्यावर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात निर्धास्त. मार्चनंतर सोंडेवर सावलीच नाही, तेव्हा निरगुडपाड्याची वाट नवख्यांनी विसरून जा.

रजा मिळत नाही, रविवारच आहे, असं असेल तर सगळा खेळ वेळेचा. हिशोब असा करा. सकाळी सहा-साडेसहाला गावातून चालायला सुरुवात. निरगुडपाड्याहून नवख्या ग्रुपला पायऱ्यांच्या तळाशी यायला दोन-सव्वादोन तास धरा, म्हणजे साधारण पावणेनऊ. रांग नसेल तर पायऱ्या, कपार, वरच्या पायऱ्या मिळून पाऊणएक तास. माथ्यावर तासभर. म्हणजे अकराच्या आत तुम्ही परत उतरायला लागलेले असाल, आणि गर्दीचा मोठा लोंढा तेव्हा वर यायला लागलेला असेल, म्हणून उतरायला दीड तास धराच. तिथून गाव दोन तास. अडीच-तीनपर्यंत गावात जेवायला. आता हेच तुम्ही साडेनऊला चालायला सुरुवात केलीत तर सगळा क्रम तीन तासांनी सरकतो असं वाटतं, पण तसं होत नाही, रांगेमुळे तो पाचसहा तासांनी सरकतो आणि तुम्ही संध्याकाळी दमलेल्या पायांनी, कमी उजेडात सोंड उतरत असता. म्हणून एक वेळ ठरवून टाका. माझ्या ग्रुपला मी बाराचा नियम लावतो: बारा वाजेपर्यंत पायऱ्यांना हात लागला नाही तर वर जायचं नाही, पठारावर डबे खायचे आणि परत. तसंच पायऱ्यांवरून धार वाहत असेल तर नाही, आणि रांग हलतच नसेल तरी नाही. हे तिन्ही आदल्या दिवशी ग्रुपवर लिहून टाका आणि एका माणसाचं नाव लिहा ज्याचा शब्द शेवटचा. तिथे जाऊन मतदान घेतलंत तर सहातले पाच "आता आलोच आहोत तर" म्हणतात.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं झालं: शक्यतो तारीख बदला, हर्षेवाडीचा विचार करा, लवकर निघा, मागे फिरायची वेळ आणि माणूस ठरवा, आणि उतरायची पद्धत घरी करून बघा. आता तुमचे सामानाचे प्रश्न.

रोप. नका नेऊ. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी तर नकोच नको. रोपचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा वर पक्का अँकर (रोप बांधायचा भक्कम आधार) आहे, खाली येणाऱ्याला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आहे आणि बिले देणाऱ्याला, म्हणजे रोप सांभाळून धरणाऱ्याला, ते शिकवलेलं आहे. अलंग-मदन-कुलंग किंवा लिंगाण्यासारख्या अवघड गडांवर हे सगळं लागतं आणि तिथे तसे प्रशिक्षित लोक घेऊनच जायचं. हरिहरच्या पायऱ्यांवर तुम्ही कमरेला दोरी बांधून एकमेकांना जोडलंत तर एक घसरला की बाकीचेही ओढले जातील. वर गर्दीत ती दोरी दुसऱ्यांच्या पायात येणार. रोपशिवाय जाववत नाही इतका दगड ओला वाटत असेल तर त्याचा अर्थ त्या दिवशी जायचं नाही.

शूज. महागाची गरज नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालून फिरतायत कारण त्याचं रबर आपल्या दगडाला चांगलं धरतं. डिकॅथलॉनमधला साधा, खोल नक्षीच्या तळव्याचा जोडही चालेल. दुकानात बोटाने तळवा दाबून बघा, प्लॅस्टिकसारखा कडक आणि चकचकीत असेल तर नको. नव्या बुटाने थेट गड करू नका, आठवडाभर घालून फिरा. रनिंगचे शूज कोरड्या दिवशी एकवेळ चालतील, सपाट तळव्याचे स्नीकर नाहीत, फ्लोटर नाहीत. उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून अर्धा नंबर मोठा घ्या, उतरायच्या आधी लेस परत आवळा, आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: कपाटात तीनचार वर्षं पडलेले जुने ट्रेकिंग शूज, दिसायला एकदम ठणठणीत, त्यांचा तळवा गडावर सुटतो. आतला थर आणि डिंक काळाने कमजोर होतो, वापरला नाही तरी. तुमच्या राजगडवाल्या दोघांनी आपले बूट आधी घालून दोन दिवस चालून बघावेत. सॅकमध्ये थोडी मजबूत सुतळी आणि प्लॅस्टिकचे केबल टाय ठेवा, तळवा सुटला तर बांधून गावापर्यंत येता येतं.

पाणी प्रत्येकी तीन लिटर, प्रत्येकाचं प्रत्येकाकडे. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि मग उतरताना पोटऱ्यांना गोळे येतात. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला घरचं: पोळीभाजीचे रोल, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. तासाला थोडं थोडं खा, वर जाऊन एकदम पोटभर खाल्लंत तर कपारीत वाकायला त्रास होतो. वाटेत लिंबूसरबतवाले असतात पण त्यांच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या नेऊ नका. गडावर माकडं आहेत, हातात पिशवी किंवा खाऊ घेऊन पायऱ्यांवर जायचं नाही, ती पिशवीवर येतात आणि माणूस दचकून तोल घालवतो. पावसाळा संपल्यावर जाणार असाल तर कातळकड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात, तेव्हा परफ्यूम नको, सिगारेट-शेकोटी नको, मोठा आवाज नको. उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून तिथून लांब व्हायचं, पण पायऱ्यांवर पळायचं नाही.

औषधांत क्रेप बँडेज, बीटाडिन, पट्ट्या आणि ज्याची त्याची रोजची गोळी. दम्याचा पंप असलेला कोणी असेल तर पंप त्याच्या खिशात, गाडीत नाही. पाय मुरगळला आणि चालत उतरायचंच असेल तर बूट काढू नका, वरूनच बँडेज बांधा, एकदा काढला की सुजेमुळे परत चढत नाही. ११२ हा नंबर सगळ्यांना माहीत हवा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर घरूनच सेव्ह करून ठेवा, वर नेटवर्क येतंजातं तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. घरी कोणाला तरी लिहून द्या: कुठल्या गावातून चढणार, कुठल्या गावात उतरणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. आणि पायथ्याच्या गावात जिथे जेवण सांगाल त्या घरच्यांनाही सांगून जा की आम्ही सहा जण वर चाललोय. काही झालं तर सगळ्यात आधी पोचणारी माणसं तीच असतात.

तुमच्या तिघा नवख्यांसाठी आणि मैत्रिणीसाठी एक सुचवतो. हरिहरच्या आधी एक रविवार कर्जतजवळचा कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला करा. डोंबिवलीहून लोकलने कर्जत, तिथून आंबिवली, वर पेठ गाव. त्याच्या सुळक्यात आतून वर जाणाऱ्या कातळकोरीव पायऱ्या आहेत, चढ चांगला आहे पण दोन्ही बाजूंनी दगड असल्यामुळे दरी अंगावर येत नाही. उंच पायऱ्या चढायची-उतरायची सवय होते, उतरताना कोणाचे पाय थरथरतात ते कळतं, कोण दर दहा मिनिटांनी थांबतं ते कळतं, आणि ग्रुपचा वेग काय आहे तेही. तिथे ज्याला त्रास झाला त्याला हरिहरला घेऊन जायची घाई करू नका. तिथे सगळे हसत उतरले तर हरिहर जमेल.

शेवटचा प्रश्न, एकाच दिवसात जाऊन येता येईल का. येता येईल, पण गाडी कोण चालवणार त्यावर आहे. सहाला चालायला सुरुवात करायची म्हणजे डोंबिवलीहून रात्री दीडदोनला निघायचं, कोणी झोपलेलं नसतं, दिवसभर गड करायचा आणि संध्याकाळी कसारा घाट उतरून परत. माझ्या मते ह्या सगळ्या प्लॅनमधला सगळ्यात धोक्याचा भाग तो परतीचा प्रवास आहे, पायऱ्यांपेक्षाही. तुमच्यातलाच कोणी ट्रेक करून गाडी चालवणार असेल तर शनिवारी संध्याकाळीच पोचा, गावात कोणाच्या तरी ओसरीवर किंवा घरी सोय होते, आधी फोन करून ठेवा आणि योग्य ते पैसे द्या. किंवा मग ड्रायव्हरसकट गाडी करा आणि त्याला दिवसभर गाडीत झोपू द्या, त्याला गडावर येण्याचा आग्रह करू नका. तारीख बदलली तर इथे सांगा, त्या आठवड्यात त्या बाजूला कोणी गेलं असेल तर पायऱ्या कोरड्या आहेत का ते विचारून सांगतो.